आधी ओ देणारा

मिरजेत आता कानामागे आठवणी वाचणाऱ्या यंत्राची टिकली नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तापाने कुणाची आठवण पुसली गेली, तर ती ओळखीच्यांच्या टिकल्यांमधून, म्हणजे त्यांच्या डोक्यातूनच, उतरवून घेतात. याला म्हणतात स्मृतिभरण. ज्याने शोधलं त्याचं देव भलं करो! कारण कुमुदिनीबाई तारळेकरांच्या मेंदूज्वराने नेमकी त्यांची अबोलीच पुसली होती. नऊ वर्षांची लेक, बावीस वर्षांपूर्वी कृष्णेत पोहायला शिकताना बुडालेली. घरात फोटो होते, पण ते परक्याच्या पोरीचे वाटायचे.

पहिल्या भरणात पाठीला पत्र्याचा डबा बांधून हसणारी अबोली दिसली आणि बाई ढसाढसा रडल्या. डॉ. झरीना मुल्लांचे हात त्यांना सोडवेनात. मग जराशाने त्यांच्या ध्यानात आलं, की लेक पाण्यात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी नजरेतून दिसत होती. घाटावर तर त्या कधी गेल्याच नव्हत्या, यजमानही नाहीत.

"ही आठवण कुणाची?"

डॉक्टर आधी गेमच्या कंपनीत होत्या, त्यांनी तिथलंच उदाहरण दिलं. एकच गेम दहा ठिकाणी ठेवलेला असतो. आपला फोन दहाही ठिकाणी हाक मारतो आणि जो आधी ओ देईल, ज्याच्याकडे गर्दी नसेल, त्याच्याकडून गेम उतरवतो. टिकलीही तेच करते.

"जवळचा कोण, हे नात्यावर ठरत नाही हो. यजमानांनी ओ द्यायला चार सेकंद घेतले. शामराव भंडारेंनी हाक पुरी व्हायच्या आत दिली."

शामराव म्हणजे अबोलीला पोहायला शिकवणारे. ते दिसले की बाई आजवर रस्ता बदलायच्या.

ती बुडाली, ते सदा त्याच दिवसात असतात, डॉक्टर म्हणाल्या. झोप नाही. विसरायचं औषध घरात आणून ठेवलंय, पण तुमच्यासाठी थांबलेत. भरण पुरं व्हायला वर्ष लागेल. त्यांनी मध्येच औषध घेतलं, तर उरलेली अबोली यजमानांकडून, जमेल तेवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लाडवांचा डबा घेऊन शामरावांच्या दारात गेल्या. मनाशी ठरवलं होतं, आभार मानायचे, माझा राग नाही म्हणायचं आणि सांगायचं, घ्या औषध, झोपा आता. म्हातारा दारातच उभा राहिला, डोळे पार खोल गेलेले.

"तुमच्यामुळे माझी लेक मला दिसली, भाऊ. देवच पावला बघा," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी पोटातून आलं होतं. राग नाही, हेही त्यांनी सांगितलं.

शामराव रडायला लागले. मग त्यांनी विचारलं, आता औषध घेतलं तर चालेल का.

बाईंनी डबा त्यांच्या हातात ठेवला.

"एवढ्यात नको," त्या म्हणाल्या.

शामराव हो म्हणाले, आणि त्यांनीच बाईंचे आभार मानले.