नकाराचा तास

मोठ्याने

"नको! अहो, नको म्हणजे नको! मला काहीही झालेलं नाही आणि होणारही नाही!"

रावसाहेब दुकानात शिरले ते असे हवेत हातवारे करत. हातात फोन नाही, समोर माणूस नाही, आणि भांडण मात्र अगदी रंगात आलेलं. नारायण पेठेतलं ते श्रवणयंत्रांचं दुकान इतकं लहान, की बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनी घाबरून पाय आत ओढून घेतले.

काउंटरमागची अलफिया मात्र घाबरली नाही. गेल्याच आठवड्यात तिने रावसाहेबांच्या कानात नवं मशीन बसवून दिलं होतं. फोन आला की आवाज थेट कानात. तेव्हा रावसाहेबांनी तिचं कौतुक केलं होतं. आज ते काउंटरवर हात आपटून म्हणाले,

"काय बसवलंत हे? पूर्वी विमावाले फोनवर बोलायचे. आता डोक्यात बोलतात!"

"मग फोन ठेवून द्या ना, रावसाहेब."

"ठेवू कसा? ती मुलगी बोलतेय अजून. मध्येच तोडायचं? काही रीतभात आहे की नाही?"

बाकावरून एक तरुण उठला. शेजारी त्याची आई होती, निळ्या ओढणीतली, एका कानात आजच बसवलेलं मशीन घेऊन छताच्या पंख्याकडे संशयाने बघणारी.

"आजोबा, द्या जरा इकडे."

रावसाहेबांनी खिशातून काढलेला फोन त्याने घेतला, आवाज बाहेर वळवला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, साहेबांना विमा घ्यायचा नाही. शेऱ्यात 'पुन्हा फोन नको' असं टाका. नाही, कारण काही नाही. धन्यवाद."

फोन बंद. दुकानात एकदम शांतता. पंखा तेवढा फिरत राहिला.

"इरफान," आई म्हणाली, "हा पंखा रोज एवढा ओरडतो?"

अलफिया त्या तरुणाकडे बघत होती. खरं तर बघत नव्हती, ऐकत होती. दिवसभर लोकांच्या कानांशी खेळणाऱ्या मुलीला आवाज आधी दिसतो, माणूस नंतर. हा आवाज उन्हात वाळत घातलेल्या दुलईसारखा होता. जाडसर, ऊबदार...

"जमलं कसं तुम्हाला?" तिने विचारलं.

"सवय आहे." तो खाली बघत म्हणाला. "पलीकडच्या बाजूची."

"म्हणजे?"

"म्हणजे — मीच करतो असे फोन. वारज्याला ऑफिस आहे आमचं. ज्येष्ठांचा आरोग्य विमा." आणि मग घाईघाईने, "हा आमचा नव्हता हां!"

"वा!" रावसाहेब म्हणाले. "चोराने स्वतः येऊन कुलूप लावून दिलं. उपकार झाले."

जरा कमी

रावसाहेब ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस होते. संघातल्या निम्म्या लोकांच्या कानांत अलफियाच्या दुकानातली मशीनं होती, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यात आता विमावाले बोलत होते. नको असलेले फोन बंद करायची नोंदणी करून झाली होती. फोन थोडे कमी झाले, थांबले नाहीत.

"मशीन तुम्ही बसवलंत, तुम्हीच निस्तरा," रावसाहेबांनी हुकूम सोडला. "आणि त्या पोराला बोलवा. शत्रूच्या गोटातला माणूस लागतोच."

म्हणून दर शनिवारी सकाळी संघाच्या हॉलमध्ये नकाराचा तास भरू लागला. इरफान फोन करणारा व्हायचा. म्हातारी मंडळी आळीपाळीने नाही म्हणायला शिकायची.

— नमस्कार सर, मी इरफान बोलतोय. आपल्या वयात काळजी घेणारं कोणीतरी हवं ना, सर?

— मी वारलो. कालच.

— अरेरे! फार वाईट झालं, सर. मग घरात आणखी कोणी ज्येष्ठ आहे का?

हॉल हसून हसून आडवा. रावसाहेब पराभूत चेहऱ्याने खाली बसले.

"कारण दिलंत की गेलात," इरफान सगळ्यांना म्हणाला. "मुलगा बघतो म्हणालात, उत्तर आहे. सून डॉक्टर आहे म्हणालात, उत्तर आहे. वारलो... तेही आत्ता बघितलंत."

"मग म्हणायचं काय?" इंदुबाईंनी विचारलं.

"नको. आणि ठेवून द्यायचा."

"एवढंच? उद्धटपणा नाही का व्हायचा?"

"मला एकाचा फोन येतो," वेणूबाई मध्येच म्हणाल्या. "गोड आहे हो बिचारा. मी विचारते, जेवलास का? रोज नाही म्हणतो."

"आजी, तो रोज वेगळा असतो."

वेणूबाई थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "असेना. जेवलेला कोणीच नसतो ना?"

 इरफान मान खाली घालून उगाच मनगटावरचं घड्याळ नीट करत राहिला. अलफियाने ते पाहिलं... आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"अलफिया, तू करून दाखव," इंदुबाई म्हणाल्या. "पक्का नको कसा असतो ते."

ती समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. खिडकीतून हिवाळ्याचं कोवळं ऊन दोघांच्या मध्ये पडलं होतं.

— मॅडम, दोनच मिनिटं.

— नको.

— ऐकून तरी घ्या.

— नको.

— इतक्या छान सकाळी, इतकं छान हसणारं माणूस नको कसं म्हणतं?

— न... नको.

"हा कच्चा होता," मागून रावसाहेब म्हणाले. "पुन्हा घ्या."

"आमच्या ऑफिसात नियम आहे," इरफान पटकन सगळ्यांकडे वळून म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. "तीन वेळा नको आल्याशिवाय फोन सोडायचा नाही. पहिला नको आम्ही ऐकतच नाही."

चालता चालता बोलण्याइतका

तास संपला की अलफिया कसबा पेठेतल्या घराकडे निघायची. इरफान स्कूटर हाताने ढकलत बरोबर.

"तुमचं वारजं उलट्या बाजूला ना?"

"हो. पण गाडी गरम होते. थोडी ढकलावी लागते."

"कसब्यापर्यंत?"

"कसब्यापर्यंत तर फारच गरम होते."

भाजीवाल्या, तांब्याच्या भांड्यांवर पडणारे ठोके, अगरबत्तीचा वास. गल्ली अरुंद व्हायची तसे ते दोघं एकामागोमाग चालायचे, आणि ती मागे वळून वळून बोलायची.

"खरं सांगा. दिवसभर लोकांना म्हणता, आम्हाला तुमची काळजी आहे. वाटते का काळजी?"

"एखाद्याची वाटते."

"मग?"

"मग तो फोन मी लवकर ठेवतो."

तिला हे उत्तर आवडलं. घरी जाऊन आठवलं, तेव्हा इतकं आवडलं की भीतीच वाटली. कॉलेजात एकजण असाच छान बोलायचा. आज घरी सांगतो, उद्या सांगतो, असं म्हणत त्याने तिला झुलवत ठेवलं होतं, आणि लग्न केलं ते भलत्याच मुलीशी. तेव्हापासून कोणी गोड बोललं की अलफियाच्या मनात एकच प्रश्न उठायचा : हे मला म्हणतोय, की नुसतं म्हणतोय?

आणि हा तर म्हणण्याचाच पगार घेत होता.

हळू

एका शनिवारी इरफानने कमाल केली. इंदुबाई म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पण तो इतकं जीव लावून बोलला, "काळजी घेणारं कोणीतरी हवं असं नाही वाटत, मावशी?" की इंदुबाई डोळे पुसत जन्मतारीख सांगू लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंदुबाईंनीसुद्धा.

जिन्यात तो अलफियाच्या मागून आला.

"एक विचारायचं होतं."

ती थांबली. कठड्यावर ऊन होतं. खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"अलफिया, मला वाटतं... आयुष्यात... काळजी घेणारं कोणीतरी हवं..."

तोच आवाज. तीच दुलई. शब्दसुद्धा तेच! 

"हे तुम्ही आत्ताच इंदुबाईंना म्हणालात."

त्याचं तोंड उघडलं, मिटलं. आता एखादं छापील उत्तर येईल म्हणून ती वाट बघत होती.

"नको, इरफान," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

आणि जिना उतरून गेला.

बंद

पुढच्या शनिवारी तो आला नाही.

त्याच्या पुढच्याही.

फोन करणाऱ्याचं काम रावसाहेबांनी अंगावर घेतलं. ते समोरच्याला इतकं बोलायचे, की विमा विकणं राहून जायचं. कोणाला नको म्हणायची संधीच मिळेना.

अलफियाने विसरायचं ठरवलं होतं. पण डबा खाताना, मशीनं पुसताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात यायची. तीन वेळा नको आल्याशिवाय न सोडणारा माणूस... पहिल्याच नकोला निघून गेला. एक शब्द जास्तीचा नाही. वर चिठ्ठी नाही, मेसेज नाही.

खोटं बोलणारा एवढ्यावर सोडतो?

एके दिवशी नसीमबानू आल्या. इरफानची आई. मशीन शिट्टी वाजवतंय म्हणाल्या.

"बसा, खाला." अलफियाने नळी साफ करायला घेतली, आणि नळीकडेच बघत विचारलं, "इरफान... बरे आहेत ना?"

"बरा आहे म्हणायचं. नोकरी सोडली. मामाच्या बेकरीत भट्टीपाशी उभा असतो."

"का?"

"म्हणतो, इथे बोलावं लागत नाही." त्यांनी सुस्कारा टाकला. "तसा लहानपणापासून मुका आहे गं तो, बेटा. घरात दिवसाला चार शब्द. बरं, हो, येतो, जेवलो. त्या ऑफिसनं कागद वाचून बोलायला शिकवलं, तेवढंच काय ते बोलणं. मनातलं बोलायचं म्हटलं की याच्याजवळ शब्दच नसतात. दुसऱ्याचेच उसने घेतो."

अलफियाच्या हातातली नळी तशीच राहिली.

म्हणजे जिन्यात त्याने खोटे शब्द वापरले नव्हते. त्याच्याकडे होते तेवढे वापरले होते. आणि "बरं" हा त्यातला एकच शब्द त्याचा स्वतःचा.

"खाला," ती म्हणाली, "इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून काम केलं त्यांनी. कान तपासायला हवेत. पाठवा ना."

नसीमबानूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हो हो. कान फारच खराब आहेत त्याचे. उद्याच पाठवते."

अगदी हळू

तो आला तेव्हा त्याच्या शर्टाला नानकटाईचा वास होता. कोपरापर्यंत पीठ.  तिने दुकानाच्या मागच्या बाजूची तपासणीची केबिन उघडली, त्याला आत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. लावताना तिची बोटं त्याच्या केसांना लागली. तो श्वास रोखून बसला.

दार लागलं. मध्ये काच. ती बाहेर, माईकपाशी.

"मी शब्द म्हणेन. जो ऐकू येईल तो तसाच परत म्हणायचा. आवाज कमी कमी होत जाईल."

तिने ओठांसमोर पुठ्ठा धरला. ओठ बघून ओळखायचं नसतं.

"पाणी."

"पाणी."

"खिडकी."

"खिडकी."

बटण एक घर खाली.

"बटाटा."

"बटाटा." तो किंचित हसला.

आणखी खाली. आणखी. आता तिचा आवाज तिला स्वतःलाही जेमतेम कळत होता. 

"मला तुम्ही आवडता."



तो बोलला नाही. हसला नाही. ऐकू नाही गेलं? तिने बटण एक घर वर केलं. 

"मला... तुम्ही आवडता."

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"मग परत म्हणायचं होतं! तपासणी आहे ही."

"नाही म्हणणार." त्याने मान हलवली. "ते तुमचं वाक्य आहे. पाठ म्हणून दाखवायचं नाही मला. मला माझं शोधू द्या."

"शोधा."

"वेळ लागेल."

"लागू द्या."

तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. पुढे दुकानात कोणीतरी घंटी वाजवली. ती उठली नाही. तो एकदा काहीतरी म्हणायला गेला, थांबला. डोकं खाजवलं. केसांना पीठ लागलं.

"तुम्ही नको म्हणालात ना," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा मी घरी गेलो नाही. झेड ब्रिजवर जाऊन उभा राहिलो. एकटाच. तिथे एकटं कोणी उभं राहत नाही. सगळ्या जोड्या वळून वळून बघायला लागल्या. लाज वाटत होती... पण जाववेना." तो थांबला. "बस. एवढंच आहे."

अलफियाने पुठ्ठा खाली ठेवला.

केबिनचं दार जड असतं. तिने ते दोन्ही हातांनी उघडलं.