दिव्याकडची अंडी

"हललं का गं?"

"नाही."

"काचेवर टिचकी मारू?"

"मारून तर बघ! बोट मोडून हातात देईन!"

टिटवीनं दम दिला तसं पैलवानानं चटकन बोट मागे घेतलं. हा टिटवीचा मावसभाऊ. अंगानं काडीसारखा, म्हणून पैलवान! त्याच्या शेजारच्या घरातली झिपरीही काचेला नाक लावून उभी होती. टिटवीची मावशी या मत्स्यालयात माशांची देखभाल करायची, त्यामुळे सुट्टीतल्या सकाळी तिघांचा मुक्काम इथंच.

टाकीत शार्कची अंडी ओळीनं टांगली होती, चामड्याच्या चपट्या पाकिटांसारखी. उजेड आरपार गेला की आत बलकाचा पिवळा गोळा दिसायचा आणि त्याला जोडलेलं बोटभर पिल्लू. सारखी शेपटी हलवणारं! त्यातल्या एका पिल्लाचं नाव टिटवीनं वळवळ्या ठेवलं होतं. आज वळवळ्या हलत नव्हता.

मावशीनं वाकून बराच वेळ पाहिलं. "गेलं गं. होतं असं कधीकधी."

टिटवीच्या आईच्या पोटातलं बाळ गेलं, तेव्हा दवाखान्याच्या दारात सगळी मोठी माणसं हेच म्हणाली होती. त्यानंतर आईनं बाळाचा विषय काढलाच नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग टिटवीची रवानगी झाली मावशीकडे.

"होतं म्हणजे कसं होतं?" टिटवीनं विचारलं. "काल शेजारचं का गेलं? परवा त्याच्या शेजारचं?"

"थर्मामीटर बघितलाय, पाणीही तपासलंय. सगळं ठीक आहे, बाळा," म्हणत मावशी दुसऱ्या टाकीकडे गेली.

झिपरी मात्र ओळीकडे टक लावून पाहत होती. "ए, गेलेली सगळी या एकाच टोकाची आहेत! त्या टोकाची कशी टुणटुणीत!"

"या टोकाला काय आहे?"

तिघांनी एकदमच मान वळवली. या टोकाला टाकीच्या काचेला चिकटून एक भलामोठा दिवा होता. लोकांचे फोटो झकास यावेत म्हणून मत्स्यालयाच्या साहेबांनी तो हौसेनं बसवला होता. आणि थर्मामीटर? तो पार दुसऱ्या टोकाला, जिथं थंड पाण्याची बारीक धार पडत होती तिथं!

"दिव्यानं पाणी तापत असेल तर त्याला कळणार कसं?" टिटवी कुजबुजली. "हात घालून बघायला हवं."

"पण साहेब बघ, इकडेच येतायत! परवा मला शिडीवरून कानाला धरून उतरवलं होतं!" झिपरी म्हणाली.

"साहेबांना माझ्यावर सोडा," पैलवान छाती फुगवून म्हणाला. छाती काही फुगली नाही, पण तो गेला.

"साहेब, शार्कचा दात किडला तर?"

"अं? पडतो. नवा येतो."

"मग माझ्या आजोबांना का येत नाही?"

साहेब समजावत बसले. तेवढ्यात टाकीमागच्या शिडीवरून काठाच्या फळीवर झिपरी चढली, मागोमाग टिटवी. कोपरापर्यंत धुतलेले हात दोघींनी एकेका टोकाला पाण्यात घातले.

"गार!" झिपरी म्हणाली.

टिटवीच्या हाताला पाणी कोमट लागलं. वळवळ्याचं पाकीट बोटाला हलकेच लागलं. मग ती सगळं बळ एकवटून ओरडली, "मावशी! थर्मामीटर इकडे आण! लवकर!"

"कोण चढलंय तिथं?" साहेब गरजत आले. पण मावशीनं थर्मामीटर दिव्याकडच्या टोकाला धरला होता. पारा सरसर चढला. तिनं तो साहेबांपुढे केला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच दिव्याचं बटण बंद केलं.

"अंड्यांना धक्का नको म्हणून धार मंद ठेवली मी," मावशी म्हणाली. "पाणी मिसळतच नव्हतं. मला सुचायला हवं होतं."

दिवा निघाला. आठवडा गेला, पण आणखी एकही पिल्लू गेलं नाही. साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर तिघांच्या पाठी थोपटल्या. "आमचे डोळे दिपले होते. या पोरांचे उघडे होते!" पैलवान दिवसभर मान ताठ करून हिंडला.

गेलेली अंडी मावशीनं बाहेर काढली तेव्हा टिटवी जवळ उभी राहिली होती. आता तिनं विचारलं, "मावशी, आमच्या बाळाचं कारण पण कुणी नीट शोधलं नसेल? मी आईला सारखी हाका मारून उठवायचे, म्हणून तर नाही ना?"

मावशीनं तिला घट्ट जवळ घेतलं. "नाही गं राणी. डॉक्टरांनी खूप शोधलं, नाही सापडलं. पण तुझ्यामुळे नाही. कुणामुळेच नाही."

संध्याकाळी टिटवीनं आईला फोन लावला. दिव्याचं सांगितलं, पैलवानानं विचारलेल्या शार्कच्या दाताचं सांगितलं. पलीकडे नेहमीसारखं नुसतं "हं, हं." मग तिनं वळवळ्याचं सांगितलं.

आईनं एकदम विचारलं, "त्याला बाहेर काढलं, तेव्हा तू होतीस तिथं?"

"हो."

"बरं केलंस. कुणीतरी असावं गं जवळ." आई म्हणाली. "मला तर बाळ नीट बघताही आलं नाही."

आणि आई रडायला लागली, मोठ्यानं, पहिल्यांदाच. टिटवीनं "रडू नकोस" म्हटलं नाही. फोन कानाशी घट्ट धरून तीही रडत बसली. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "सुट्टी राहू दे. उद्या घरी ये."