सुरक्षित स्थळी हलवावे

प्रयोगशाळेच्या मधोमध काचेच्या लांबरुंद टेबलावर शिरवणी शहर उजळलं होतं. घर न् घर, नाला न् नाला, आणि या क्षणी कुठे किती माणसं आहेत त्याचे आकडे. खऱ्या शहराच्या या जिवंत प्रतिकृतीला विद्यापीठात ‘प्रतिनगर’ म्हणत. नगररचनेची चाळीस मुलं भोवती बसून आपत्ती-निवारणाची प्रात्यक्षिक परीक्षा देत होती. प्रश्न दरवर्षीचाच होता. वरचं धरण भरलं, पाणी सोडावंच लागणार. तर कुठल्या कालव्याचं दार उघडाल, म्हणजे कमीत कमी जीव जातील?

डॉ. मृणाल खोडके उत्तरं तपासत होती. प्रत्येक उत्तराच्या शेवटी तीच ओळ होती: ‘नागरिकांना वेळीच सुरक्षित स्थळी हलवावे.’ मुलं ती पाठच करून येत. मृणाल पूर्ण न वाचताच हिरवी खूण करी आणि दोन गुण देई. बारा वर्षांत तिने कुणाला पुढे काही विचारलं नव्हतं.

“बाई, पेढे हवेत तुमच्याकडून,” बाहेरचे परीक्षक म्हणून आलेले धरणावरचे अभियंता दिगंबर हुद्दार म्हणाले. “या आठवड्यापासून कालव्यांची दारं तुमचं प्रतिनगरच चालवतंय.”

“मुलांच्या सरावासाठी केलेलं हे. त्यावर शहर सोडलंत?”

“मग कुणावर सोडायचं? मागच्या पुरात दार उघडायची वेळ आली, तर आमच्या माणसाचा हात थरथरायला लागला. त्यात पुढाऱ्यांचे फोन. आमच्या वॉर्डात नको, त्यांच्या सोडा. त्या घोळात माणसं गेली. यंत्राला ना हात, ना फोन.”

“पण ते ठरवतं कशावरून?”

“तुमच्यावरून. सगळ्या जुन्या उत्तरपत्रिका त्याला शिकवल्यात. ज्या उत्तराला तुम्ही जास्त गुण दिलेत, ते त्याच्या लेखी जास्त शहाणं. ही त्याची निर्णयस्मृती. थोडक्यात काय, दारावर आता तुम्हीच उभ्या आहात.”

मृणालच्या अंगावर मूठभर मांस चढलं. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणून नगररचनाकारांना सगळेच हिणवतात. इथे तिच्या वर्गाने खरोखरीच शहर सांभाळायला घेतलं होतं. तरी कुठेतरी धाकधूक वाटली, ती तिने झटकून टाकली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

टेबलावरचा परीक्षेचा प्रश्न पुसला गेला आणि त्या जागी खरं धरण आलं. घाटमाथ्यावरच्या पावसाने ते काठोकाठ भरलं होतं. प्रतिनगराने क्षणभरही न रेंगाळता दक्षिण कालव्याचं दार उघडायला घेतलं. खाली आकडा उमटला: अपेक्षित जीवितहानी, शून्य.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हुद्दारांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मृणाल मात्र दक्षिण कालव्यावरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेली. तिथे हिरवा तुकडा होता: मोकळी जमीन.

पहिल्या वर्षी प्रतिनगरात त्या तुकड्यावर हे विद्यापीठ होतं. तेव्हा प्रत्येक मुलगा आधी आपलं वसतिगृह आणि खानावळ वाचवायचा, मग उरलेलं शहर बुडलं तरी बेहत्तर. नियोजकाने स्वतःला वगळून विचार करायला शिकावं म्हणून तिने नकाशावरून विद्यापीठच पुसून टाकलं. पुढच्या मुलांनी हुशारीने पाणी त्या मोकळ्या जागेत सोडलं. नदीला जागा ठेवा, हे तर तिचं लाडकं व्याख्यान. तिने पैकीच्या पैकी गुण दिले होते.

“हुद्दार, ते पाणी इथे येतंय. नकाशात आपण नाही.”

हुद्दारांच्या तोंडचं पाणी पळालं. “नकाशा विद्यापीठाचा. तो कोण तपासणार, बाई?”

“दार बंद करा.”

“हाताने बंद करायची सोयच ठेवली नाही. नकाशा दुरुस्त करा. तो बदलला की ते पुन्हा हिशोब करतं.”

मृणालने बोटाने विद्यापीठाची सीमा आखली. बाकीचं विद्यापीठ गणपतीच्या सुट्टीत रिकामं होतं. चाळीस मुलं, शिपाई, हुद्दार आणि ती. तिने त्रेचाळीस भरले.

शून्याचे त्रेचाळीस झाले. दार उघडतच राहिलं. दुसरा कालवा उत्तरपेठेत उतरत होता आणि उत्तरपेठेवर आकडा होता नऊ हजार.

“पुढे तीन शून्यं द्या,” हुद्दार तिच्या कानाशी म्हणाले. “ते शहानिशा करेपर्यंत पाणी तिकडे वळलेलं असेल. या पोरांकडे बघा तरी.”

तिने पाहिलं. एवढी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती. तिचं बोट शून्यावर टेकलं.

“मॅडम,” पहिल्या बाकावरची ताहेरा म्हणाली, “उत्तरपेठेत माझी अम्मी आहे. दुकानात असेल आत्ता.”

ती रडली नाही, तिने विनवण्याही केल्या नाहीत. मृणालने बोट उचललं. उत्तर बरोबर होतं. तिनेच ते शिकवलं होतं.

मग खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. नकाशावर आल्यामुळे आता त्यांनाही इशारा मिळाला होता: ‘आपल्या भागात पाणी सोडण्यात येत आहे. नागरिकांनी वेळीच सुरक्षित स्थळी हलावे.’

मुलं दाराकडे धावली आणि थबकली. बाहेर पडायचा, वसतिगृहाकडे जाणाराही, एकच रस्ता कालव्याच्या काठाने जात होता. विभागाची इमारत बैठी, कौलारू. निसर्गाला साजेशी म्हणून मृणालनेच ती मागून घेतली होती. दुरून पाण्याची घरघर ऐकू येऊ लागली.

“कुठे, मॅडम?” ताहेराने विचारलं. “सुरक्षित स्थळ म्हणजे कुठे?”

मृणालने टेबलाकडे धावत जाऊन प्रतिनगराला तोच प्रश्न टाकला. प्रतिनगराने बारा वर्षांची सगळी उत्तरं चाळली. हे कुणी लिहिलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. पडद्यावर तीच ओळ पुन्हा आली, आणि तिच्यापुढे, मृणालच्याच वळणाची, हिरवी खूण.