कच्ची आकृती

फळ्यावरचा आयत पाठीमागून कुणीतरी नापास केला, तेव्हा ती सहावीच्या वर्गाला कोन शिकवत होती.

"बाई, तो आयत नाही. वरचा उजवा कोपरा बाहेर गेलाय."

आवाज मुलांचा नव्हता. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात तीन फरश्या उखडल्या होत्या आणि त्या बसवायला आलेला मिस्त्री गुडघ्यांवर बसून, हातात थापी धरून फळ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. वाकडं दिसलं म्हणून सांगितलं, एवढंच.

पस्तीस माना मागे वळल्या आणि मग एकदम पुढे. आता बाई काय करतात?

बाईंनी मोठा लाकडी गुण्या उचलला आणि कोपऱ्याला लावला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. मुलांच्या कंपासपेटीत तो प्लॅस्टिकचा असतो, मिस्त्रीच्या पिशवीत लोखंडी. कोपरा खरंच बाहेर गेला होता, दोन-तीन अंशांनी.

"ही कच्ची आकृती आहे," ती म्हणाली. "हाताने काढलेली."

"ते दिसतंच आहे," मिस्त्री म्हणाला आणि मान खाली घालून सिमेंट कालवू लागला.

मुलं हसली. एरवी तीही हसली असती, पण नोकरी लागून तिला दोनच महिने झाले होते.

शाळा सुटल्यावर तो दाराशी थांबला होता. हात धुतलेले, तरी नखांच्या कडांना सिमेंट.

"जरा विचारायचं होतं... पण सकाळचं मनावर घेतलं असेल तर राहू दे."

"घेतलंय. विचारा."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बांधकामावर सुपरवायझर व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे. तीन विषय. दोन तो पहिल्याच फटक्यात पास झाला होता. भूमितीत दोनदा नापास, आणि तीनच संधी मिळत. तिसरी तीन आठवड्यांवर आली होती.

"नाही झालो तर?" तिने विचारलं.

"तर काय, आहे तेच. वडीलही फरश्याच बसवायचे. आता त्यांना जिना चढवत नाही. माझेही गुडघे आत्तापासून कुरकुरतात." हे त्याने हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

"लांबून दोन अंशांचा फरक तुमच्या डोळ्याला कळतो, आणि भूमितीत नापास?"

"तेच तर मला कळत नाही."

तिने कागद उलगडला. गेल्या वेळची उत्तरपत्रिका होती. पहिल्याच आकृतीत दोन समांतर रेषा होत्या, दोन्हींवर बाणाच्या खुणा. खाली प्रश्न : या रेषा कशा आहेत? मिस्त्रीने लिहिलं होतं, 'वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकल्या आहेत.' पुढे एका त्रिकोणाच्या कोपऱ्यात काटकोनाची चौकोनी खूण होती. उत्तर : 'लघुकोन. अंदाजे ८८.'

तिने ओठ घट्ट मिटले, पण हसू नाकातून बाहेर आलंच.

"हसा, बाई. तपासणाराही हसला असेल."

"तुम्ही आकृती मोजलीत?"

"मोजली नाही. दिसली."

"छपाईत आकृती वाकडी येते. तिच्याकडे बघून उत्तर द्यायचं नसतं. खूण काय दिली आहे ते वाचायचं. खूण म्हणते काटकोन, तर काटकोन."

"वाकडा असला तरी?"

"वाकडा असला तरी."

त्याने कागद परत घेऊन घडी घातली. "बाई, हे मला जड जाणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास ठरला. तो पुढच्या बाकावर बसे. बाक सहावीच्या मुलांचा, त्यामुळे त्याचे गुडघे फळीला टेकत.

"बिंदू," ती म्हणाली. "बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही."

"मग आहे काय त्याच्यात?"

"काही नाही. तो फक्त जागा दाखवतो."

"म्हणजे या वर्गात मी. मागचा कोपरा दाखवायला ठेवलेला."

"तुम्हाला जाडी-रुंदी आहे. बाकाला विचारा." ती वळून फळ्यावर लिहू लागली. "रेषा. रेषेला दोन्ही बाजूंना शेवट नसतो."

"मी रोज फरश्यांसाठी दोरा बांधतो. दोन्हीकडे खिळे असतात."

"तो रेषाखंड. दोन टोकं असलेला रेषेचा तुकडा. एकच टोक असेल आणि दुसरीकडे पुढे-पुढे जात असेल, तर किरण."

"म्हणजे आजवर मी रेषा बघितलीच नाही?"

"कुणीच नाही बघितली. ती मनात धरायची."

त्याने पेन्सिल कानामागे खोवली. "बरंच काही मनात धरावं लागतं तुमच्या विषयात," तो म्हणाला आणि वहीत बघू लागला. तिला कारण नसताना डस्टर शोधावंसं वाटलं... ते तिच्या हातातच होतं.

आठव्या दिवशी शिपाईमामा किल्ल्या खुळखुळवत दारात उभे राहिले. "मिस्त्री, तीन फरश्या आणि आठ दिवस? एवढ्यात मी घर बांधून भाड्याने दिलं असतं."

"मुरायला वेळ लागतो, मामा."

"हो, दिसतंय काय मुरतंय ते," मामा म्हणाले. "पाच वाजता कुलूप."

व्याख्या त्याला पटापट येऊ लागल्या. काटकोनापेक्षा लहान तो लघुकोन, मोठा तो विशालकोन. दोन कोनांची बेरीज नव्वद तर कोटिकोन, एकशे ऐंशी तर पूरक. आकृती समोर आली, की मात्र डोळा मध्ये पडे. मग तिने एक युक्ती केली. ती डाव्या हाताने आकृत्या काढू लागली. समांतर रेषा भांडून निघाल्यासारख्या, वर्तुळ अंड्यासारखं.

"बाई, याला त्रिज्या कशी म्हणू? ही लांब, ती आखूड."

"केंद्रापासून वर्तुळापर्यंतच्या सगळ्या त्रिज्या सारख्या. प्रश्नात वर्तुळ म्हटलंय ना?"

"म्हटलंय. पण बघवत नाही."

"डोळे मिटून लिहा."

त्याने खरंच डोळे मिटले. तिने त्याच्याकडे सरळ बघितलं, कारण आता बघायला हरकत नव्हती. भुवईत सिमेंटचा एक कण अडकला होता. कानामागे पेन्सिलीने कायमची खळी पडली होती.

"उघडू का?"

"थांबा... उघडा."

पंधराव्या दिवशी बोलता बोलता त्याने सांगितलं, की पास झाला तर ठेकेदार त्याला दुसऱ्या गावी पाठवणार आहे. नव्या इस्पितळाचं काम, दोन वर्षं तरी. बसने चार तास.

"बरं झालं," ती म्हणाली. "चांगलं काम आहे."

"हो. काम चांगलं आहे."

त्या दिवशी घरी जाताना ती आपला स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे गेली. बाबांनी विचारलं, तर तिने डुलकी लागली असं सांगितलं. झोप मात्र रात्रीही आली नाही. सरळ हिशेब होता : ती जितकं नीट शिकवेल, तितका तो लांब जाईल. आणि त्याने तसं काही म्हटलेलं नव्हतं. 'मनात धरावं लागतं' एवढ्यावर कुणी काही धरून चालत नाही. ती स्वतःच तर त्याला हे शिकवत होती. दिसतं म्हणून धरायचं नाही.

दोन रेषांना कापणारी छेदिका आणि तिचे संगत कोन एवढंच राहिलं होतं. पेपरात त्यावर दहा गुण असत. वेळ नाही म्हणून ते सोडता आलं असतं, त्याला कळलंही नसतं. तिने दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास घेतला. मामांशी त्यावरून बोलणं झालं. संगत कोन त्याला समजेपर्यंत तिने चार वेळा समजावले.

"तुम्ही आज रागावल्यासारख्या शिकवताय," तो म्हणाला.

"वही बघा."

परीक्षा झाली. नंतरचे नऊ दिवस तो आला नाही. फरश्या बसून कधीच झाल्या होत्या, त्यामुळे यायला कारणही नव्हतं. सहावीचा वर्ग वर्तुळावर गेला. मागच्या कोपऱ्यातल्या तीन फरश्या बाकीच्यांपेक्षा जास्त सरळ होत्या. ती तिकडे बघायची नाही.

दहाव्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तो दारात उभा होता. धुतलेला शर्ट, नखं स्वच्छ.

"बसा," ती म्हणाली. तो बसला नाही.

"पास. चौसष्ट."

"छेदिकेचं आलं होतं?"

"आलं होतं. दहापैकी दहा." तो थांबला. "समांतर रेषा इतक्या वाकड्या छापल्या होत्या... हात शिवशिवत होते, बाई. पण लिहिलं नीट."

तिला वाटलं तसं दुःख झालं नाही. आधी आनंदच झाला, मोठा, शिकवणाऱ्याला होतो तसा. बाकीचं त्याच्या मागून आलं.

"कधी निघणार?"

"सोमवारी." तो फळ्याच्या कडेवरचा खडू उचलून परत ठेवत होता. "तिथे रविवारी सुट्टी असते. पहाटेची बस धरली तर दहाला इथे पोचता येतं. रविवारी आलो तर चालेल?"

"रविवारी शाळा बंद असते."

"शाळेत नाही म्हणत मी. घरी."

"घरी... रविवारी नको. रविवारी बाबा दिवसभर घरीच असतात."

"म्हणूनच रविवारी म्हणतोय," तो म्हणाला.

तिला समजायला एक क्षण लागला.

"तुम्ही मला काही विचारलेलं नाही अजून," ती म्हणाली.

"विचारायला घाबरत होतो. नापास झालो असतो तर विचारणार नव्हतो." "आता विचारतो. लग्न कराल माझ्याशी? दोन वर्षं चार तासांचं अंतर आहे, ते आधीच सांगतो."

बाहेर मामांच्या किल्ल्या वाजल्या. ती काही बोलायच्या आत त्या आणखी जवळ आल्या.

"या रविवारी नको," ती म्हणाली. "बाबांना आधी मला सांगू दे. पुढच्या रविवारी या. आणि दहाला नका येऊ, साडेनऊला या. दहानंतर ते पेपर उघडतात, मग कुणाचं ऐकत नाहीत."

"साडेनऊला बस पोचत नाही."

"मग आदल्या रात्रीची धरा," ती म्हणाली आणि दिवे बंद करायला निघाली.