पुठ्ठ्याची प्रमेये

"घाल! ते सगळं बंबात घाल!" श्रीधर कडाडला. हेमा जागची हलेना, तेव्हा त्याने स्वतःच पुठ्ठ्याचे त्रिकोण, चौरस ओंजळीने उचलून जाळात लोटले... आणि दारात उभ्या असलेल्या पद्मजाच्या काळजात काहीतरी चर्रर्र झालं!

सहामाहीत हेमाला गणितात एकोणीस गुण मिळाले होते. शाळेत वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या श्रीधरची मुलगी, आणि एकोणीस!

"ताई, गणित डोक्याने करायचं असतं, कात्रीने नव्हे. मॅट्रिकच्या विद्वत्तेवर आपण दहावी शिकवू नये, एवढी कृपा करा."

सख्ख्या धाकट्या भावाने पद्मजाला 'आपण' म्हटलं... ते 'आपण' तिला जाळापेक्षा जास्त भाजलं. भावजय प्रेमला पदराने डोळे टिपत राहिली.

एकोणतीस वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा मॅट्रिकला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळवलेल्या पद्मजाने कॉलेजचा अर्ज आपल्या हाताने फाडला होता. "मला नाही बाई गणिताची गोडी," असं हसत सांगून ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जाऊ लागली. श्रीधर शिकला, मास्तर झाला, संसारी झाला. ती मात्र तशीच राहिली... पुठ्ठे कापता कापता मनातल्या मनात प्रमेयं सोडवत! हेमाला कोन कळेनात, तेव्हा तेच पुठ्ठ्यांचे तुकडे तिने घरी आणले होते. पोरीचे डोळे नुकते कुठे उजळू लागले होते.

दुसऱ्या दिवशी तिने कसब्यातलं ते घर सोडलं. बिबवेवाडीत कारखान्यातल्या शकूच्या शेजारी एक खोली घेतली. भावाबद्दल वाईट शब्द तिने तोंडातून काढला नाही.

हळूहळू वस्तीतल्या नववी-दहावीच्या चार मुली तिच्याकडे येऊ लागल्या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती त्यांना चिंचेच्या झाडाची उंची मोजायला शिकवत होती. कोनमापकाला दोरा बांधलेला, दोऱ्याच्या टोकाला खडा. एक मुलगी शेंड्याकडे रोखून मागे मागे सरकत होती. "थांब! झाला पंचेचाळीस अंशाचा कोन! आता तुझ्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, त्यात तुझ्या डोळ्यांची उंची मिळवायची..."

"ताई."

ती वळली. श्रीधर उभा होता. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"हेमाला बरं आहे ना रे?" तिच्या तोंडून आधी तेच निघालं!

"बरी आहे. काल विचारत होती, शंकूच्या सूत्रात एक-तृतीयांश कशाला? मी म्हटलं, पाठ कर. तर तिने कागदाचा शंकू केला गं, तेवढ्याच तोंडाचं, तेवढ्याच उंचीचं नळकांडं केलं, आणि तांदूळ भरून ओतले. तीन शंकूंत नळकांडं काठोकाठ भरलं! वीस वर्षं ते सूत्र फळ्यावर लिहितोय मी, ताई. आणि काल पहिल्यांदा पाहिलं..."

तो एक पाऊल पुढे आला. "तुला गोडी नव्हती ना गणिताची?"

पद्मजा झाडाकडे बघत राहिली. किती वर्षं जपलेलं ते असत्य!

"दोघांना शिकवणं आईला झेपलं नसतं रे..."

तो तिथेच धुळीत, तिच्या पायांशी बसला. "आणि मी तुला मॅट्रिक म्हणून हिणवलं! मला क्षमा कर... घरी चल."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एकोणतीस वर्षांचं साचलेलं पाणी तिच्या गालांवरून ओघळलं.

"येईन. पण दर रविवारी या मुलींसाठी इथे येणार. अडवायचं नाहीस."

मुली बावरून पाहत होत्या. श्रीधर उठला, डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळून म्हणाला,

"मी श्रीधर. ही माझी मोठी बहीण. मला शिकता यावं म्हणून हिने आपलं शिक्षण सोडलं." मग तो पद्मजाला म्हणाला, "ताई, तो कोन पंचेचाळीसच का घ्यायचा, ते मला कळतं. पण झाड मी कधीच मोजलेलं नाही. टेपचं टोक कुठे धरू, सांग."