येईन की येई ना

“बूट बाहेर.”

पेटीमास्तर रेडिओ केंद्रावर पहिल्यांदा आला, तेव्हा तिने त्याचं स्वागत असं केलं. गाण्यांच्या सुवाच्य प्रती काढणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला अक्षरवाली म्हणत.

“माझ्या बुटांनी काय घोडं मारलंय?”

“कुरकुरतात. कार्यक्रम थेट जातो. घराघरांत ऐकू जाईल.”

त्याने निमूट बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. त्याने तो घाईघाईने उजव्या पायामागे लपवला... आणि तिला हसू आवरेना.

“शिवायला कुणी नाही वाटतं?”

“चौकशी करताय — की सुई आणताय?”

ती लगबगीने आपल्या कागदांकडे वळली. पण त्या दिवशी तिच्या तीन प्रती बिघडल्या.

तो पेटी वाजवायचा, चाली बांधायचा, गाणीही स्वतःच लिहायचा. अक्षर मात्र असं, की त्यापुढे कोंबडीचे पाय बरे. कागद सळसळला तर मायक्रोफोन तेही पकडतो, म्हणून ती गाणं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवी आणि गायिकेसमोर धरून उभी राही. पुठ्ठ्याच्या कडेवरून तो दिसे. नजरानजर झाली की तो एखादा सूर उगाचच लांबवी.

एका गाण्याची शेवटची ओळ होती, ‘दिवा लागता दारी येईन.’ त्याच्या ‘न’ला नेहमीसारखं लांब शेपूट. अक्षरवालीने वाचलं, ‘येई ना.’ गायिकेने पुठ्ठ्यावर होतं तेच गायलं. पेटीवरची बोटं क्षणभर अडखळली, एवढंच.

पुढच्या आठवड्यात पत्रांचा ढीग लागला. काय हा विरह, म्हणून लोकांनी डोळे पुसले होते.

“चूक माझी,” ती खालमानेने म्हणाली. “दुरुस्त करते.”

“राहू द्या. लोकांना न येणाराच आवडलेला दिसतोय.” मग पेटी बंद करत, “मी मात्र ‘येईन’च लिहिलं होतं. कुणासाठी, ते नाही विचारलंत...”

ती विचारणारच होती. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि महिन्याभरात मोठ्या केंद्राने त्याला दूरच्या शहरात बोलावून घेतलं.

निघताना तो दारात रेंगाळला. “काही सांगायचंय?”

“छत्री विसरू नका,” ती म्हणाली. घरी येऊन ती स्वतःवर इतकी चिडली, की जेवलीच नाही.

दोन वर्षं झाली. ते गाणं जिकडेतिकडे वाजे, आणि दर वेळी ‘येई ना’ ऐकताना तिचा जीव तुटे. आपल्याच हाताने आपण त्याचं येणं खोडलं, असं तिला वाटायचं. त्याचं एकही पत्र नव्हतं. तिने तरी कुठे लिहिलं होतं?

“वन्सं, त्या स्थळाला रविवारी उत्तर द्यायचंय,” वहिनी म्हणाली. “मुलगा चांगला आहे. आणखी किती ताटकळत ठेवायचं त्यांना?”

“देऊ या,” ती म्हणाली, आणि रेडिओ लावला.

त्या दूरच्या शहरातल्या केंद्राचा निवेदक सांगत होता, की पेटीमास्तरांचा या केंद्रावरचा हा अखेरचा कार्यक्रम, आज ते स्वतः गाणार आहेत. तिचा हात रेडिओच्या बटणावरच राहिला. तेच गाणं, तोच आवाज, थोडा थकलेला... शेवटच्या ओळीला तिचे ओठ आपसूक हलले, ‘दिवा लागता दारी येई—’

“येईन,” रेडिओतून आलं. मग पुन्हा, सावकाश, “येईन.”

“शेवटच्या ओळीतल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत,” निवेदक घाईने म्हणाला.

“ऐकलंत? स्वतःचंच गाणं विसरला तुमचा पेटीमास्तर,” वहिनी हसली.

“नाही गं. आजच पहिल्यांदा बरोबर म्हटलंय.” तिने रेडिओ बंद केला. “वहिनी, त्या स्थळाला नाही म्हणून कळव.”

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. ती मात्र कपाटातला सुईदोरा शोधायला लागली होती. दोन वर्षांत त्या माणसाने मोजे थोडेच शिवले असणार.