उलट्या तारांचं मेंडोलिन

"ताई, तुम्ही हार्मोनियम बघा ना," दुकानदार जिलानीभाई शिवांगीला अगदी मायेनं म्हणाले.

नांदेडच्या वजिराबादेतलं हे तिसरं दुकान. मेंडोलिन मागितलं की दुकानदार हौसेनं खाली काढायचे, मग तिच्या डाव्या हाताकडे बघून परत वर ठेवायचे. लहानपणी भोकरजवळच्या गावात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये त्या हाताच्या मधल्या दोन बोटांची पेरं गेली होती. तारा दाबायच्या त्या डाव्या हातानंच.

"उलटं धरून बघा की."

मागे एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. खांद्याला कापडी पिशवी. "उजव्यानं तारा दाबा, डाव्यानं छेडा. अंगठा आन् पहिलं बोट तर शाबूत हाय न्हवं?"

तिच्या हाताबद्दल इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. राग यायला हवा होता... आला नाही.

"पण मग तारा उलट्या होतील ना?"

"त्या बी उलट्या लावू."

जिलानीभाईंनी त्याला खुर्ची दिली. त्यानं सगळ्या तारा काढल्या, तारा बसायच्या खाचा कानशीनं घासल्या आणि एकेक तार उलट क्रमानं बसवू लागला. शिवांगी बघत राहिली. आधी तारांकडे, मग त्याच्या कपाळावर येणाऱ्या केसांकडे.

"नाव काय तुमचं?"

"व्यंकटी. लातूरचा. आजोबांचं नाव ठेवलंय, हसू नका."

"मी कुठं हसले?"

"डोळ्यांनी हसलात."

तिनं मेंडोलिन उलटं धरलं. उजव्या हाताचं बोट तारेवर ठेवलं, डाव्या चिमटीतल्या प्लास्टिकच्या छोट्या पट्टीनं हलकेच छेडलं... स्वच्छ, गोड सूर. तिला एकदम भरून आलं.

"घेते मी हे," ती म्हणाली. "पण शिकवणार कोण?"

तो जरा घुटमळला. "मला नांदेड लांब, तुम्हाला लातूर. अहमदपूर मधी हाय... तिथं माझी आत्या राहती."

मग दर रविवारी दोन दिशांनी दोन एसट्या अहमदपूरला यायच्या. चष्म्याच्या दुकानात आठवडाभर लोकांना स्पष्ट दिसतंय का विचारणारी शिवांगी रविवारी तुळजाबाई आत्यांच्या ओसरीत, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात बसायची. व्यंकटी आपलं मेंडोलिन घेऊन समोर. तो सरळ, ती उलटी. म्हणून त्याचं बोट जिथं जाई तिथंच तिचं, आरशात बघितल्यासारखं.

"बोटांकडं बघा," तो म्हणायचा.

"बोटांकडंच बघून राहिले."

"न्हाई. लई वेळ झाला, तोंडाकडं बघताय."

आतून आत्यांच्या कपबश्या जरा जास्तच वाजायच्या.

होळीच्या सुमारास तिनं एक अख्खी धून न चुकता वाजवली. थांबली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"त्या दिवशी तुम्ही दुकानात नसता ना... तर मी हार्मोनियमही न घेता घरी गेले असते. तुमचे आभार कसे मानू?"

व्यंकटी खाली बघत पट्टी बोटांत फिरवत राहिला.

"मी माझं हे मेंडोलिन त्या दिवशी विकायला आलो होतो," तो म्हणाला. "आमची वाजवायची पार्टी बंद पडली. लग्नात आता सगळ्यांना डीजेच पाहिजे. वाटलं, घरात नजरेसमोर तरी नको. मग तू पहिली तार छेडलीस... तुझं तोंड बघितलं, आन् तसाच पिशवी घेऊन माघारी गेलो. आभार मी मानायचे, शिवांगी."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

"आईला घेऊन नांदेडला येऊ का?" त्यानं हळूच विचारलं. "तुझ्या घरी?"

शिवांगीनं मेंडोलिन छातीशी धरलं.

"ये. पण आधी मला घरी थोडं सांगू दे."

"काय?"

"त्यांना वाटतंय, मला शिकवणारे गुरुजी साठीचे आहेत."

आत कपबशी खणकन पडली, आणि मागोमाग आत्यांचं हसू ओसरीत आलं.